सोळा नंबरचा बिल्ला

३ डिसेंबर

सोळा नंबर पुन्हा सगळ्यात वर. पंधरा नंबरच्या जवळजवळ दुप्पट! मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल, म्हणून तपासणी पहिल्यापासून पाहिली. नाही. बेंझिनचं टेकाड ग्राफवर जिथे यायचं तिथेच आलं होतं, आणि चांगलं ऐसपैस बसलं होतं.

थंडी पडली की त्याचं असंच होतं. बेंझिनला थंडी सोसत नाही. पाणी अजून खुशाल वाहत असतं तेव्हाच हे नळीत घट्ट होऊन बसतं. मग टँकर भरायचा खोळंबतो आणि कोणीतरी वाकून, नळीवर गरम पाणी ओतून ती मोकळी करतो. वाकला की संपलंच. त्याची वाफ हवेपेक्षा जड, वर उडून जात नाही, जमिनीलगत रांगत राहते. तो वाकणारा माणूस म्हणजे सोळा नंबर, असं मी मनाशी ठरवून टाकलंय. मी तो कारखाना पाहिलेला नाही. माणसंही नाहीत. माझ्यापर्यंत येतात ते त्यांचे बिल्ले. कॉलरला लावायचे, शर्टाच्या बटणाहून थोडे मोठे, आत कोळशाची चकती. आठवडाभर पाळीत लावायचे, मग खोक्यातून आमच्याकडे. मी चकती मशीनमध्ये तापवते. कोळशाने आठवडाभर हवेतलं, अंगावरच्या कपड्यांना चिकटून आलेलं घरचंसुद्धा, जे जे धरून ठेवलेलं असतं ते सगळं तो ओकतो, आणि कशात किती ते कागदावर उमटतं. नाव नाही, नुसता नंबर. नावं आम्हाला कळू नयेत असा नियमच आहे.

पण बिल्ला कधी लावला, कधी काढला ते पाकिटावर ज्याचं त्याने लिहायचं असतं. सोळाचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडलेली. शून्याच्या पोटात टिंब देतो. का, कोण जाणे. रिकामं काही बघवत नसावं त्याला.

४ डिसेंबर

कुलूप उघडताना आजही "आले गं" म्हटलं. आई जाऊन दोन वर्षं होत आली तरी जिभेचं वळण जात नाही. उत्तर फ्रिजने दिलं. घरघर.

८ डिसेंबर

खोकेवाला आला होता. तोच बिल्ल्यांचं खोकं आणतो, कोरे बिल्ले घेऊन जातो. तोंडाची टकळी अखंड चालू. या इमारतीत कामापलीकडे माझ्याशी बोलणारा एवढा एकच, म्हणून मी त्याला चहा देते आणि सही अगदी सावकाश करते.

"मॅडम, आमच्याकडे आता बक्षीस लावलंय. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याचा फोटो फाटकावर. वर भिंतीवरचं घड्याळ."

"आणि आकडा कमी करायचा कसा?"

"झाकणं उघडी टाकायची नाहीत, नळी घट्ट बसवायची, वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं. नवीन सेफ्टी मॅडम आल्यात ना, त्यांचं डोकं."

कल्पना मला चांगली वाटली. खरंच वाटली, लिहून ठेवते. बेंझिनच्या बाबतीत नाकावर विसंबता येत नाही. वास गोडसर. नाकाला कळतो तोवर हवेत हवं त्याच्या कितीतरी पट झालेलं असतं, आणि थोड्या वेळाने नाकही कंटाळतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गेलं. ते कुठेही गेलेलं नसतं. म्हणून बिल्ला. बिल्ल्याला कंटाळा येत नाही.

१२ डिसेंबर, रविवार

ताईचा फोन. "एकटी काय करतेस तिथे? इकडे ये राहायला." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, तुझं 'बघू' मी दोन वर्षं ऐकतेय.

दुपारी घर आवरायला काढलं. आवरता आवरता लक्षात आलं – घरात माणूस एक, पण बेंझिनची पोरंबाळं किती! कंगवा. गादीतला फोम. नायलॉनची दोरी, तिच्यावरच्या मोज्यांचा रंग, मोजे धुतले ती पावडर. फ्रिजच्या आतली पांढरी भिंत. डोकं दुखलं की घेते ती गोळी. सगळ्यांचं माहेर तेच, आणि माहेरच्या खोड्या कोणातच उरलेल्या नाहीत. दुसऱ्या कशाशी जोडलं गेलं की बेंझिनचा स्वभावच बदलतो, संसाराला लागतं. घातक असतं ते एकटं, सुटं असतं तेव्हा. तेव्हा ते श्वासातून हाडांत शिरतं आणि रक्त तयार करणारी मज्जाच मारून टाकतं.

ताईला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, बघ, म्हणूनच म्हणते!

१७ डिसेंबर

चार, सात आणि अकरा – तिघांच्या ग्राफवर काहीच नाही. सरळ रेघ, सपाट.

नाचता येईना अंगण वाकडं, तशी मी आधी मशीनला शिव्या घातल्या. मग माहीत असलेल्या प्रमाणाचा नमुना घालून बघितला. मशीन ठणठणीत. बारा नंबर नेहमीसारखा सिगरेटच्या खुणांसकट आला, सोळा नेहमीसारखा वरच. मग हे तिघे कुठे गेले?

२४ डिसेंबर

आता नऊ जण सपाट. बारासुद्धा. सिगरेट सोडली म्हणावं तर सिगरेटबरोबर बाकीचं जगही सोडलं की काय? घरातला रंग, गाडीचा धूर, काही म्हणजे काहीच नाही.

साहेब खूश. माझे साहेब म्हणजे या प्रयोगशाळेचे मालक, व्यवस्थापक आणि बिघडलेल्या पंख्याचे मेकॅनिक, सगळं एकच. आकडे बघून म्हणाले, "बघा, बक्षीस ठेवलं की माणसं कशी सुधारतात."

माणसं सुधारतील हो. पण हवा?

३१ डिसेंबर

एकटा सोळा उरला.

वेड्यासारखं वाटेल, पण माझी ही माणसं होती. दोन वर्षं दर आठवड्याला भेटायची. नऊने मध्ये घर रंगवायला काढलं होतं ते मला त्याच्या शेजाऱ्यांच्या आधी कळलं असेल. तेराची स्कूटर पेट्रोल गाळते हेही कळायचं. बाराने मध्ये सिगरेट सोडायचा प्रयत्न केला, पंधरवडाभर. नव्याचे नऊ दिवस. मी इथे बसून एकटीच त्याच्यावर चिडले होते. आता खोकं उघडते तर सगळे गप्प. भरल्या घरात शिरावं आणि एकेका खोलीतून बोलणं थांबत जावं, तसं.

साहेबांनी आणखी एक सांगितलं. आकडे असेच राहिले तर कारखाना दर तीन महिन्यांची रक्ततपासणी बंद करणार. हवा स्वच्छ असेल तर सुया कशाला टोचायच्या! तसं पत्रच आलंय. पुढची तपासणी फेब्रुवारीत होती. ती होणार नाही.

आणि सोळाचा आकडा या आठवड्यात आजवरचा सगळ्यात मोठा.

५ जानेवारी

खोकेवाल्याला आज चहाबरोबर बिस्किटं दिली. लाचच म्हणायची.

"तुमच्या लोकांनी काय जादू केली हो?"

तो हसला. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगतो, मॅडम. पाळी सुरू झाली की सगळ्यांचे बिल्ले कॉफीच्या डब्यात. घट्ट झाकणाचा. सुटायच्या वेळी परत कॉलरला. घड्याळ कोणाला नको?"

झाकली मूठ सव्वा लाखाची! मी इथे मशीन पुसतेय, नमुने घालतेय, आणि हे तिकडे डब्याचं झाकण लावून टँकर भरतायत. माझा चेहरा बघून तो घाबरलाच. म्हणाला, "अहो, गंमत आहे. सेफ्टी मॅडम तर टाळ्या वाजवतात."

"सोळा नंबर टाकत नाही डब्यात?"

"तो? त्याला आम्ही 'सोळा आणे' म्हणतो. खोटं म्हणून चालायचं नाही त्याला. म्हणतो, बिल्ला माझ्यासाठी आहे, भिंतीसाठी नाही. परवा त्यालाच बोलावून झापलं – सगळ्यांचे आकडे उतरले, तुझाच कसा वर? तूच निष्काळजी."

चोर सोडून संन्याशाला फाशी. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तो आपला पुढे बोलतच राहिला. "दमतो पण हल्ली. जिन्यात मध्येच बसतो. काही लागलेलं नसताना दंडावर काळे-निळे डाग. मी विचारलं, बायको मारते का रे? तर म्हणे, बायको असती तर मारलं असतं ना."

खोकेवाला पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. दमणं, न लागता डाग पडणं – हे काय आहे ते मला ठाऊक आहे. पुस्तकात वाचलंय आणि इतकी वर्षं त्या आकड्यांच्या खाली लिहीत आलेय. मज्जा थकली की आधी हेच होतं. मग हिरड्यांतून रक्त, मग ताप, आणि त्यापुढचं मला इथे लिहायचं नाही. वेळेवर रक्त तपासलं आणि माणसाला तिथून हलवलं, तर सावरतो. पुष्कळदा सावरतो.

"त्याला म्हणावं, रक्त तपासून घे. आजच्या आज."

"सांगतो."

"विसरू नका."

"सांगतो म्हटलं ना, मॅडम."

तो गेल्यावर उरलेली बिस्किटं मीच खाल्ली. बायको नाही म्हणे. म्हणजे त्याला घरी सांगणारंही कोणी नाही.

६ जानेवारी

कपाटातला एक कोरा बिल्ला उचलला आणि माझ्या कॉलरला लावला. रस्त्यात, बसमध्ये, घरी, ओट्यापाशी. झोपताना उशीजवळ. आठवडाभर लावणार. का ते नंतर लिहीन.

९ जानेवारी, रविवार

बिल्ला लावला की माणूस जरा ताठ चालतो. भाजीवालीने विचारलं, कसली सभा आहे का? मी म्हटलं, हो, माझीच.

१३ जानेवारी

माझं घर ग्राफवर असं दिसतं –

बेंझिनचं लहानसं टेकाड. रस्त्यावरचा धूर, कोपऱ्यावरचा पेट्रोल पंप आणि माझी गॅसची शेगडी मिळून एवढंसं. त्याच्या पुढे साबणातलं लिंबू. सगळ्यात शेवटी डांबराच्या गोळ्या, आईच्या कपाटातल्या. तिचे कपडे अजून आहेत, म्हणून गोळ्या मीच बदलते. बस, संपलं घर. कागद हातात घेऊन मी बराच वेळ बघत बसले. बाराला सिगरेट होती, तेराला स्कूटर. माझ्या आठवड्यात माझ्याखेरीज कोणी येऊन गेल्याची खूण नाही.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की टँकर भरणाऱ्या पंधरा माणसांपेक्षा माझ्या स्वयंपाकघरात बेंझिन जास्त आहे! हातच्या कांकणाला आरसा कशाला? शून्य जगात कुठेच नसतं. शून्य फक्त डब्यात असतं.

१४ जानेवारी

माझा ग्राफ आणि त्यांच्यातला एक सपाट, दोन्ही साहेबांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई, आपण हवा मोजत नाही. बिल्ला मोजतो. बिल्ला शून्य म्हणतोय, तर आपण शून्य लिहिणार."

"पण साहेब, रक्ततपासणी बंद होणार. त्या सोळा नंबरला –"

"कोण सोळा नंबर? तुम्हाला नंबर दिलाय तो माणूस विसरायला." मग जरा नरमाईने, "मला कळत नाही असं समजू नका. पण गिऱ्हाइकाला खोटारडा म्हटलं तर ते उद्या दुसरीकडे जाईल. मग तुमचं मशीन बंद, आणि तिथे दुसरं कोणीतरी शून्यच लिहील. आणि हो, तिकडे फोन-बिन करायचा नाही. करारात आहे."

तो माणूस वाईट नाही, हेच कठीण आहे. पालथ्या घड्यावर पाणी ओतून मी जागेवर येऊन बसले.

१६ जानेवारी, रविवार

ताईच्या फोनवर तोंडातून निघून गेलं, सोळा नंबरची फार काळजी वाटते गं.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग – "कोण हा?"

"कारखान्यात असतो."

"काय करतो?"

"टँकर भरतो."

"वय काय?"

"माहीत नाही."

"दिसायला?"

"पाहिलेलं नाही."

"लग्न झालंय?"

"नाही. म्हणजे बायको नाही."

"मग अडलंय कुठे?" ताई म्हणाली. मी हसायला लागले, ती पण हसली, आणि हसता हसता माझा आवाज कसा फाटला ते तिला कळलं असणार. ती थांबली. म्हणाली, "तू त्याला काही सांगू शकतेस का?" मी म्हटलं, नाही. "त्याच्या वरच्या कोणाला?" त्यालाही नाही म्हटलं. "सांगू शकत नाहीस, की सांगायचं नाही असं सांगितलंय?"

मोठ्या बहिणी उगाच मोठ्या नसतात.

२१ जानेवारी

आज सोळाही सपाट.

एवढा हट्टी माणूस, त्यानेही हात टेकले. मशीन पुढच्या चकतीसाठी थांबलं होतं आणि मी तशीच बसून होते. इतका राग आला त्याचा! सगळे गेले तरी हा आहे, असं धरून चालले होते मी. मग पाकीट पाहिलं. अक्षर त्याचं नाही. गोल, सुबक, शाळेतल्या फळ्यावरचं. शून्यांची पोटं रिकामी. दुसऱ्याच कोणीतरी भरलेलं पाकीट! त्याचा बिल्ला काढून घेतला? त्याच्या वतीने डब्यात टाकला? की तो तिथे नाहीच?

वजनकाट्याच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि रडले. तिथे कोणी येत नाही, वाऱ्याने काटा हलतो म्हणून.

२४ जानेवारी

रजा टाकली आणि कारखान्यावर गेले. दोन बस बदलून. कराराला म्हटलं, राहा तू घरी.

फाटक मी समजत होते त्याहून लहान. बाजूला काचेची पेटी, आत फोटो. चार नंबर, सात नंबर, अकरा! पहिल्यांदा चेहरे बघितले त्यांचे. सात टकला आहे. अकराला खळी पडते. घड्याळ छातीशी धरून सगळे असे हसतायत की मला त्यांचा रागही येईना. सोळाचा फोटो असणारच नव्हता, तरी मी शोधला.

पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, पण बसायला स्टूल दिलं. सेफ्टी मॅडम बाहेर आल्या. मला वाटलं होतं, कोणी ताडमाड खाष्ट बाई असेल. ही एवढीशी मुलगी, हेल्मेट कानावर घसरतंय. सगळं पाठ करून गेले होते, एक शब्द आठवेना. दोन्ही ग्राफ तिच्या हातात कोंबले आणि म्हटलं, "ही तुमची टँकर भरणारी माणसं. हे माझं स्वयंपाकघर. एक तर मी घरी टँकर भरते, नाहीतर तुमचे बिल्ले आठवडाभर कुठेतरी झाकून ठेवलेले असतात."

डब्याचं नाव मी घेतलं नाही. खोकेवाल्याचंही. ती कागद बघत राहिली. हुशार आहे, मला आणखी काही सांगावं लागलं नाही. तिचे कान लाल झाले.

"बक्षीस माझंच," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, झाकणं लावतील."

"लावलीच ना," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"रक्ततपासणी बंद करू नका. एवढंच सांगायला आले."

"नाही होणार बंद. मी बघते."

"आणि सोळा नंबर?"

तिने वर पाहिलं. हेल्मेट सावरलं. मग म्हणाली, "माणसांबद्दल बाहेर सांगता येत नाही." आणि आत गेली.

मी थोडा वेळ स्टुलावर बसून राहिले. वारा फिरला तेव्हा एकदाच, अगदी पुसटसा, गोड वास आला. मग तोही येईनासा झाला.

२७ जानेवारी

साहेबांना कळलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "मी सांगितलं होतं." तेव्हापासून कामाचं सगळं चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवतात. काढून टाकलेलं नाही. अजून तरी.

खोकेवालाही आला. खोकं ठेवलं, सही घेतली. चहा भरलेला होता. "नको, मॅडम. तुमच्याकडे बोलायचं नाही असं सांगितलंय आम्हाला." त्याचं नाव मी घेतलं नव्हतं, तरी. कप मी तसाच बेसिनमध्ये रिकामा केला.

२८ जानेवारी

दिवसभरात एकही शब्द बोलले नाही. कुलूप उघडताना "आले गं" म्हटलं तेव्हा आवाज घोगरा आला.

११ फेब्रुवारी

आले! सगळे परत आले!

खोकं उघडलं, पहिली चकती घातली, आणि चार नंबरचं टेकाड उभं राहिलं. मग सात. अकरा. बारा, सिगरेटसकट. तेराने स्कूटर अजून दुरुस्त केलेली नाही! आकडे वाईट आहेत, मर्यादेच्या किती तरी वर, आणि मी वेडीसारखी हसतेय. वाईट आकडा खरा असला म्हणजे त्याचं काहीतरी करता येतं. साहेबांनी कागद पाहिले, खुर्ची ओढून शेजारी बसले आणि आज पहिल्यांदा तोंडाने बोलले – "नळीची गळती दिसतेय. कळवायला हवं." कळवलं. फाटकावरचे फोटो उतरवलेत आणि सगळ्यांचं रक्त तपासायला घेतलंय, असं तिकडून उत्तर आलं.

पंधरा पाकिटं. सोळावं खोक्यात नव्हतं. खोकं उलटं करून झटकलंसुद्धा. खोकेवाल्याला विचारलं, "सोळा?" त्याने नुसती मान खाली घातली आणि पावती पुढे केली.

१६ फेब्रुवारी

खोकेवाला अवेळी आला. खिशातून एकच पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हे राहिलं होतं, मॅडम." सोळा. मुंगीचं अक्षर, शून्यांच्या पोटात टिंबं. त्याचंच!

हातातलं काम टाकून चकती मशीनला लावली. बेंझिन जवळजवळ नाही. मनात म्हटलं, झालं, यानेही डबा धरला. मग नीट पाहिलं. रेघ सपाट नव्हती. रस्ता आणि शेगडी मिळून होतं तेवढंच टेकाड. पुढे साबण. शेवटी डांबराच्या गोळ्या. हा ग्राफ मला पाठ आहे. हे घर आहे. सोळा कामावर नाही, घरी आहे, आणि घरीही आठवडाभर बिल्ला लावून बसलाय.

माझ्या घरात नसलेलं एकच टेकाड त्याच्यात आहे, आणि ते सगळ्यात उंच. स्पिरिट. सुई टोचण्याआधी दंडाला चोळतात ते.